फिशफाइंडर शिकताना आधी तळ वाचा, मासा नंतर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर कुणाच्या होडीत फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासा दाखवणारं यंत्र, बसवायला उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला. "मासा दिसेल ना?" मी सांगतो, दिसेल, पण डोळे-शेपटीवाला मासा दिसणार नाही. समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याच्या गळ्यात बंद पडलेला टीव्ही मारतोय. मग यंत्र लागतं, निळ्या स्क्रीनवर लाल-पिवळे ठिपके सरकायला लागतात, सगळे खूश. दोन दिवसांनी फोन येतो: "भाऊ, मासे तर रग्गड दाखवतंय, जाळ्यात मात्र काय नाय."

हा लेख म्हणजे त्या फोनचं उत्तर. नुकतीच फायबरची लहान होडी घेतलेल्यांसाठी, आउटबोर्ड इंजिनावर दहा-वीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात गळाला किंवा गिलनेटला, म्हणजे पडद्यासारखं उभं सोडायच्या जाळ्याला, जाणाऱ्यांसाठी, आणि रविवारी हौसेने गळ टाकायला निघणाऱ्या शहरातल्या मंडळींसाठीही. मोठ्या पर्ससीनवाल्यांना, म्हणजे थव्याला जाळ्याने वेढा घालणाऱ्यांना, यातलं निम्मं आधीच पाठ असेल.

नावाचा घोळ (मासा नव्हे) आधी मिटवू. बंदरात या सगळ्यालाच 'सोनार' म्हणतात, आणि कुणी 'सोनार बसवला' म्हणालं की 'कान टोचून घेतलेस काय?' हे ऐकावं लागतंच. विनोद जुना झालाय, पण अगदीच चुकीचा नाही, कारण हे यंत्र म्हणजे होडीला लावलेला कान आहे. सोनार हे 'साउंड नेव्हिगेशन अँड रेंजिंग'चं लघुरूप. कामाच्या भाषेत मात्र पर्ससीन नौकेवरचं चहूबाजूंना आडवं बघणारं महागडं यंत्र म्हणजे सोनार, आणि फक्त खाली बघणारं ते फिशफाइंडर किंवा इको साउंडर. आपण बोलतोय ते खाली बघणाऱ्याबद्दल.

आवाज जातो, आवाज येतो

यंत्राचे भाग दोनच. वर स्क्रीनचा डबा आणि खाली पाण्याला टेकलेला ट्रान्सड्यूसर, ज्याला धक्क्यावर सगळे 'सेन्सर' म्हणतात. ट्रान्सड्यूसरच्या पोटात खास सिरॅमिकची चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. उलट आवाज येऊन तिच्यावर आदळला की ती वीज तयार करते. बोलणारीही तीच, ऐकणारीही तीच. काही स्फटिकांमधला हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला पॉल लान्जव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो पाण्यात उतरवला. मच्छीमाराच्या उपयोगाचं यंत्र जपानमध्ये नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये आणलं. इतिहास एवढा पुरे.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर पळतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. यंत्र आवाजाची एक टिचकी सोडतं आणि घड्याळ लावतं, प्रतिध्वनी आला की वेळ बघतं. तीस मीटर पाण्यात आवाज खाली जाऊन वर यायला ६० मीटर कापतो, म्हणजे लागले ०.०४ सेकंद. स्क्रीनवरचा खोलीचा आकडा हा असा वेळेवरून काढलेला असतो.

बहुतेक यंत्रं वेग १५०० धरून चालतात. आपलं पाणी कोमट. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो १५४०च्या घरात जातो. त्यामुळे खरं पाणी तीस मीटर असेल तर आकडा सव्वाएकोणतीसचा दिसतो. चूक आहे, पण आपल्या सोयीची, कारण पाणी आहे त्यापेक्षा जास्त कधी सांगत नाही.

आवाज परत फिरतो तो जिथे पाणी संपून वेगळंच काही सुरू होतं तिथून. खडकावरून फिरतो, वाळूवरून फिरतो. माशाचं मांस मात्र आवाजाच्या हिशेबाने जवळजवळ पाण्यासारखंच, त्यामुळे त्याच्यावरून फार थोडा फिरतो. सगळ्यात जोरात फिरतो तो हवेवरून. इथेच खरी गंमत आहे.

भोत असलेला मासा, भोत नसलेला मासा

घोळ माशाच्या भोताला काय भाव येतो हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या बोटीला एका फेरीत १५७ घोळ मासे लागले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले, ती बातमी महिनाभर सगळ्या बंदरांत फिरत होती. एवढा भाव आला तो त्या भोतामुळे. भोत म्हणजे पोटातली हवेची पिशवी. तिच्यामुळे मासा पंख न मारता हव्या त्या खोलीवर राहतो. व्यापारी जे शोधतो तेच फिशफाइंडरही शोधतो. माशावरून येणाऱ्या प्रतिध्वनीचा मोठा हिस्सा त्या पिशवीतल्या हवेचा असतो. स्क्रीनवर मासा दिसला म्हणजे खरं तर त्याच्या पोटातला हवेचा फुगा दिसला.

आता उलट बाजू. बोंबलाला भोत नाही. मुशीला नाही, पाकटाला नाही, माकुलालाही नाही. वसई-सातपाटीकडे डोल जाळं (ओढीत बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) बोंबलाने ठासून भरत असताना वर फिशफाइंडरवर पाणी निर्मळ निळं दिसू शकतं. त्या डोलवाल्यांना यंत्राचा उपयोग खोली आणि तळ बघायला. बोंबील कुठे आणि कधी लागणार ते भरती-ओहोटीच्या ओढीवरून ते आधीच जाणतात. म्हणून रिकाम्या स्क्रीनचा अर्थ रिकामं पाणी असा लावू नका.

आणि जिथे हवा तिथे 'मासा' हेही लक्षात घ्या. नुकत्याच गेलेल्या ट्रॉलरच्या मागचे बुडबुडे, लाटा फुटल्यावर पाण्यात कोंडलेली हवा, वाहून आलेली प्लास्टिकची पिशवी, जवळ्याचा दाट थर, सगळ्यांचे ठिपके उठतात. यंत्रात 'फिश आयडी' नावाची सोय असते, ती यातल्या कशालाही गोंडस माशाचं चित्र चिकटवते, खाली खोलीही लिहिते. दुकानात गिऱ्हाईक त्यावरच भुलतं. माझं सरळ मत: यंत्र घरी आणल्याबरोबर ती सोय बंद करा. ती चालू असेपर्यंत तुम्ही स्क्रीन वाचायला शिकणार नाही.

झोत किती रुंद

आवाज काठीसारखा सरळ खाली जात नाही, टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो. लहान यंत्रांत सहसा दोन फ्रिक्वेन्सी मिळतात. २०० किलोहर्ट्झ, ज्याचा झोत अरुंद, धरा १२ अंशांचा. आणि ५० किलोहर्ट्झ, ज्याचा झोत रुंद, ४५ अंशांपर्यंत. नेमका कोन ट्रान्सड्यूसरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असतो, तो बघून घ्या.

वीस मीटर पाण्यात १२ अंशांचा झोत तळावर सव्वाचार मीटरचं वर्तुळ व्यापतो, म्हणजे जेमतेम तुमच्या होडीच्या सावलीएवढं. ४५ अंशांचा झोत साडेसोळा मीटरचं. मग रुंदच बरा, जास्त दिसेल, असं कुणालाही वाटेल. पण त्याची एक लबाडी आहे. यंत्राला फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. झोताच्या कडेला तळाजवळ पोहणारा मासा तिरक्या रेषेत होडीपासून जास्त लांब असतो, आणि त्याचा प्रतिध्वनी यायच्या आत होडीच्या बरोबर खालच्या तळाचा प्रतिध्वनी येऊन थडकतो. मासा तळात मिसळून जातो. वीस मीटर पाण्यात, ४५ अंशांच्या झोताच्या कडेला, तळापासून दीड मीटरपर्यंतचं काहीही असं लपतं. १२ अंशांत हेच लपण फक्त ११ सेंटीमीटरचं. तळाशी राहणाऱ्या माशांमागे असाल तर अरुंद झोतच घ्या.

५० किलोहर्ट्झचा फायदा खोल पाण्यात, कारण जाड आवाज लांब जातो. आपल्या लहान होड्यांचं पाणी सहसा वीस वावांच्या आतलं, म्हणजे छत्तीस-सदतीस मीटर. तिथे २०० किलोहर्ट्झ भरपूर पुरतं. जास्त वॉटचं, जास्त खोलीचं यंत्र घ्यायला दुकानदार भरीला घालेल. जायचंच नाही त्या पाण्याचे पैसे भरू नका. उरलेले बॅटरीवर आणि चांगल्या ट्रान्सड्यूसरवर घाला. हल्ली 'चर्प' नावाची पद्धत बऱ्याच यंत्रांत येते. तीत एकाच सुराऐवजी खालून वर चढत जाणारा सूर सोडतात, त्याने जवळजवळचे मासे सुटे दिसतात. मिळत असेल तर घ्या, नसेल तर अडत नाही.

बसवताना

बसवण्याचे मार्ग तीन. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून ट्रान्सड्यूसर लावणं, तळाला भोक पाडून आरपार बसवणं, किंवा फायबरच्या तळावर आतून चिकटवून तळातूनच आवाज सोडणं. लहान होडीला पहिला सगळ्यात सोपा. लाकडी किंवा लोखंडी तळातून आवाज धड जात नाही, तिथे तिसऱ्या मार्गाचा नाद सोडा.

हा तिसरा मार्ग मला स्वतःला महागात पडलाय. सुरुवातीच्या दिवसांत एका फायबरच्या होडीत मी मोठ्या उत्साहात ट्रान्सड्यूसर आतून चिकटवला. बाहेर पडलो तर स्क्रीनवर नुसता पाऊस. तळ दिसतोय न दिसतोय, आकडा कधी चार, कधी चाळीस. दोन दिवस वायरी उचकल्या, यंत्र बदलून बघितलं. शेवटी छिन्नीने ट्रान्सड्यूसर काढला तर खाली फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड निघालं. बांधणाऱ्याने मजबुतीसाठी घातलेलं. प्लायच्या सांध्यातली हवा आवाज गिळत होती, आणि मी यंत्राला शिव्या घालत होतो.

तेव्हापासून चिकटवण्याआधी परीक्षा घेतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, ट्रान्सड्यूसर आत सोडून तोंड बांधायचं, तळाच्या आतल्या बाजूला थोडं पाणी ओतून त्यात ही पिशवी टेकवायची आणि होडी पाण्यात असताना यंत्र चालू करायचं. खोली स्वच्छ आली तर जागा चांगली. नाही आली तर वीतभर सरकवून पुन्हा. जागा सापडली की पेन्सिलने खूण करा आणि इपॉक्सीने चिकटवा. सिलिकॉन नको, तो रबरासारखा आवाज शोषतो. इपॉक्सीत एकही बुडबुडा राहता कामा नये. मी ती ओतल्यावर ट्रान्सड्यूसर गोल फिरवत दाबतो, कडेने फेस निघून जातो.

मागच्या फळीला लावत असाल तर शत्रू एकच, इंजिनाच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) फेस. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून हातभर तरी लांब ठेवा, आणि पंख्याचं पातं ज्या बाजूला वरून खाली येतं त्या बाजूला लावा. तिकडे पाणी जास्त शांत असतं. तोंड पाण्याला समांतर, किंचितही वर उचललेलं नको. पुढच्या पाण्यात फळीची कड, खिळा, बाहेर आलेला स्क्रू असं काही असेल तर त्याच्यामागे फेसाची रेघ तयार होते, ती वाट सोडून बसवा. धक्क्याला होडी बांधलेली असताना सगळं छान दिसतं आणि वेग घेतला की स्क्रीन कोरी होते, ही तक्रार दहातल्या नऊ वेळा अशाच फेसाची निघते.

विजेचं थोडक्यात. यंत्राला शक्यतो वेगळी बॅटरी द्या; इंजिनाच्या स्टार्टरची बॅटरी दिली तर स्टार्ट मारताना यंत्र बंद पडतं. माहितीपत्रकात सांगितलेलाच फ्यूज घाला. ट्रान्सड्यूसरची केबल लांब झाली म्हणून कापू नका, वेटोळं करून ठेवा. ती इंजिनाच्या किंवा व्हीएचएफ रेडिओच्या वायरीला बांधून नेऊ नका. आणि होडी वाळूवर ओढलेली असताना 'चालतंय का बघू' म्हणून यंत्र चालू ठेवू नका, ट्रान्सड्यूसरला पाण्याचा गारवा लागतो, कोरडा चालवला तर तापून खराब होऊ शकतो.

पहिल्या दिवशी काय करायचं

पहिल्या दिवशी जाळं घरी ठेवा. खरंच सांगतोय.

होडी शांत पाण्यात नेऊन इंजिन बंद करा, मग यंत्र चालू करा. आधी माप बघा. यंत्र फुटांत बोलतंय, मीटरमध्ये की फॅदममध्ये? फॅदम म्हणजे आपला वाव, सहा फूट. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वावांत बोलणारा असेल तर फॅदम लावा, उगाच डोक्यात गुणाकार नको. फुटांत लावलेलं यंत्र मीटर समजून वाचणाऱ्याला तिप्पट पाणी दिसतं; खाडीच्या मुखावर याचा काय परिणाम होतो ते सांगायला नको.

सगळं ऑटोवर ठेवून तळाची रेघ स्थिर येते का बघा. आता इंजिन सुरू करा. ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला तर गोंधळ विजेचा. मग पंप, दिवे, रेडिओ, एकेक चालू-बंद करून गुन्हेगार शोधा. इंजिन चालू, होडी जागेवर, तोवर स्वच्छ आणि होडी पळवली की पाऊस, तर दोष फेसाचा.

हे झालं की ऑटो सोडा. रेंज हाताने लावा, तळापेक्षा थोडी जास्त. बारा मीटर पाण्याला वीसची. शंभरची रेंज लावून बारा मीटरचं पाणी बघणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुंगी शोधणं. मग सेन्सिटिव्हिटी, जिला यंत्रावर कधी 'गेन' लिहिलेलं असतं. ती वाढवत न्या, पाण्याच्या मधल्या भागात बारीक कण उडायला लागले की जरा मागे घ्या. बस. नवशिका माणूस कण दिसले की घाबरून गेन पार खाली आणतो आणि त्याबरोबर मासेही पुसून टाकतो. थोडे कण राहू द्या.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा. स्क्रीनवरचं चित्र हा समुद्राचा फोटो नाही. सगळ्यात उजवीकडची उभी रेघ तेवढी 'आत्ता'ची. तिच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. पाच नॉटने चाललात तर मिनिटाला दीडशे मीटर मागे पडतात. स्क्रीन भरायला मिनिट लागत असेल तर डाव्या कडेला दिसणारा थवा तुमच्या दीडशे मीटर मागे होता, तोही मिनिटापूर्वी. पुढे काय आहे ते हे यंत्र कधीच सांगत नाही. खडक दाखवेल तेव्हा तुम्ही खडकावर असाल. उथळ पाण्याचा अलार्म लावा, पण पावसाळ्यानंतर गाळ सरकलेल्या खाडीच्या मुखातून नुसत्या त्या अलार्मच्या भरवशावर आत शिरू नका.

शिसं आणि साबण

तळ वाचायला मला यंत्राच्या पुस्तकाने नाही, राजिवड्याच्या एका चाचांनी शिकवलं. साठीपुढचे तांडेल. त्यांच्या मुलाने यंत्र बसवून घेतलं होतं आणि चाचणीला चाचाही आले, हातात दोरीचं वेटोळं आणि टोकाला शिशाचा गोळा. गोळ्याच्या बुडाला खळगा होता. त्यात त्यांनी कपडे धुण्याचा साबण अंगठ्याने दाबून बसवला. मी बघत राहिलो.

भाट्याच्या खाडीबाहेर बरंच पुढे गेल्यावर मी ऐटीत स्क्रीनवर बोट ठेवलं. "चाचा, नऊ वाव."

त्यांनी शिसं सोडलं, टेकल्यावर दोरी ताणली, हात पसरून मोजली. "साडेनऊ. आता सांग, खाली काय आहे?"

मला सांगता येईना. त्यांनी शिसं वर ओढून माझ्यापुढे धरलं. साबणावर काळपट, लोण्यासारखा चिखल. "हे बघून ठेव. आणि आत्ता तुझ्या टीव्हीवर कसं दिसतंय, तेही बघून ठेव."

स्क्रीनवर तळाची रेघ बारीक आणि फिकट होती. आवाज चिखलात मुरत होता. पुढच्या ठिकाणी साबणाला वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटून आला. रेघ जाड झाली, रंग गडद. मिऱ्याच्या बाजूला खडकाळ जागी साबणावर काहीच आलं नाही, फक्त ओरखडा. तिथे रेघ रुंद, लालभडक, खाली लांब शेपूट, आणि मी रेंज वाढवल्यावर बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी एक पुसट रेघ. तो दुसरा तळ नव्हे. कडक तळावरून आलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो. दोन फेऱ्या म्हणून दुप्पट खोली. दुसरी रेघ दिसली की तळ टणक. आणि टणक तळावर गिलनेट टाकायचं की नाही, ते ज्याचं जाळं त्याने ठरवायचं.

राहिला तो अर्ध्या वावाचा फरक. थोडा कोमट पाण्याचा, थोडा ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीपासून फूटभर खाली असल्याचा (हे यंत्रात 'ऑफसेट' भरून दुरुस्त करता येतं), आणि थोडा ओढीने दोरी तिरपी झाल्याचा. हा शेवटचा चाचांनी मान्य केला नाही.

नवीन यंत्र घेतलेल्याला मी आता हेच करायला लावतो. दोरी, शिसं, साबण. दहा ओळखीच्या जागा, प्रत्येक जागी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो आणि साबणाचा फोटो. एका दिवसात तुमच्या यंत्राची, तुमच्या सेटिंगची, तुमच्या पाण्याची लिपी तयार होते. दुसऱ्याच्या यंत्रावरचे रंग तुमच्या कामाचे नाहीत, कारण गेन बदलला की रंग बदलतात.

आता मासा

तळ ओळखीचा झाला की तळ नसलेलं आपोआप डोळ्यात भरतं. तळाच्या रेघेला टेकून नसलेला, थोडा वर सुटलेला ढग. मधे लाल, कडेला पिवळा-हिरवा. तो थवा. तारली, पेडवे असे दाट पोहणारे मासे असे दिसतात. पण ढग बघून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याला जात कळते ती हंगाम, जागा आणि कालच्या जाळ्यावरून, यंत्रावरून नव्हे.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत माशाची कमान दाखवतात, भुवईसारखी. मासा झोताच्या कडेला शिरताना लांब, बरोबर खाली आला की जवळ, बाहेर पडताना पुन्हा लांब, म्हणून कमान. आता आपल्या पाण्यात हिशेब करा. पंधरा मीटर खोलीवरचा मासा ४५ अंशांच्या झोतात सव्वा मीटर उंचीची कमान काढतो. १२ अंशांच्या झोतात फक्त आठ सेंटीमीटरची, म्हणजे स्क्रीनवर ठिपका नाहीतर आडवी रेघोटी. कमानी दिसत नाहीत म्हणून यंत्र परत करायला निघालेले लोक मी पाहिलेत. उथळ पाण्यात, अरुंद झोतात कमान शोधूच नका. नांगरावर उभ्या होडीखाली मासा थांबला तर कमान नाहीच, लांबच लांब सरळ रेघ येते, कारण होडी हलली नाही तरी स्क्रीन सरकत राहते. एकच मासा, पण रेघ बघून वाटतं रांगच लागली.

जवळजवळचे दोन मासे एकच दिसण्याचंही कारण आहे. टिचकी जितकी लांब तितके ते एकमेकांत मिसळतात. एका मिलिसेकंदाच्या टिचकीत पाऊण मीटरच्या आत वर-खाली असलेले दोन मासे एकच ठिपका होतात, ०.१ मिलिसेकंदाच्या टिचकीत साडेसात सेंटीमीटरपर्यंत सुटे दिसतात. उथळ रेंज लावली की बरीच यंत्रं स्वतःहून टिचकी छोटी करतात. रेंज उगाच मोठी ठेवू नका म्हणालो, त्यामागे हेही आहे.

मासे कुठल्या पट्ट्यात असतील याचा अंदाज हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) उपग्रहांवरून, पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून देतं. तो पट्टा मैलांचा असतो, फिशफाइंडरचा झोत चार मीटरचा. पहिल्याने कुठल्या बाजूला जायचं ते ठरवा, दुसऱ्याने थांबायचं कुठे ते. होडीत बसून चार मीटरच्या झोताने अख्खा समुद्र धुंडाळायला निघालात तर मासा मिळण्याआधी पेट्रोल संपेल.

आणि थवा दिसला की हात जाळ्याकडे नको, जीपीएसच्या बटणाकडे जाऊ द्या. तो थवा तुमच्या मागे पडलाय. खूण मारा, वेग कमी करा, मोठा वळसा घेऊन ओढीच्या वरच्या बाजूने खुणेवर परत या. थव्यावरून इंजिन नेऊ नका. खुणेवर आल्यावर ढग पुन्हा दिसला, तोही त्याच खोलीवर, तर जाळं सोडा. नाही दिसला तर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून होडी काढून बघा. तिसऱ्यांदाही नाही, तर तो जवळ्याचा थर होता किंवा आधीच्या ट्रॉलरचा फेस. अशा वेळी चाचा स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत. शिसं सोडतात, साबण बघतात, आणि मुलाला म्हणतात, "चल, पुढे घे."